मधलं नाव : एका मुलाचं, त्याच्या आईचं आणि आमच्या घाईचं प्रकरण

आमचं सल्ला केंद्र सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत चालतं. पोटगी, रेशनकार्ड, वारसनोंद, दाखल्यांतल्या चुका अशी कामं येतात. हे प्रकरण लिहायला दोघांनीही होकार दिला आहे. सगळी गोष्ट एका नावाभोवती फिरते आणि नेमकी नावंच इथे देता येत नाहीत, म्हणून 'मुलगा' आणि 'आई' एवढंच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगा २३ वर्षांचा. जन्म २००१चा. दोन वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले ते इचलकरंजीला, मागावर. पुढे तिथेच दुसरा संसार केला. आई लेकराला घेऊन तासगाव तालुक्यात माहेरी आली. भावाच्या घराला लागून पत्र्याची एक खोली, आणि हंगामात बेदाणा निवडायचं काम. शेडमध्ये दिवसभर बसून काड्या, काळा माल, फुटका माल वेगळा काढायचा. ज्यांनी हे काम केलंय त्यांना मान आणि पाठीचं काय होतं ते माहीत आहे. हंगाम नसेल तेव्हा दुसऱ्याच्या रानात भांगलण.

मुलगा हुशार निघाला. बारावीनंतर २०१९ साली इंजिनिअरिंगला इतर मागासवर्गाच्या जागेवर प्रवेश मिळाला. त्यासाठी जात पडताळणी लागली, आणि पडताळणीला पुरावा लागतो तो वडिलांकडच्या घराण्याचा. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीची नोंद असली तर काम सोपं होतं. तो कागद, म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा उतारा, चुलत्याने कुणाला न सांगता आणून दिला होता. हे लिहून ठेवते, कारण पुढे मुलगा "त्या घराने मला काहीच दिलं नाही" असं म्हणायचा आणि ते पूर्ण खरं नव्हतं.

२०२३ साली त्याला चाकणला एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी लागली.

तो आमच्याकडे का आला

मे २०२४. त्याच्या हातात बातमीचं कात्रण होतं. राज्य मंत्रिमंडळाने त्या मार्चमध्ये निर्णय घेतला होता की, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. बातमी वाचून बऱ्याच जणांचा समज झाला होता की आता वडिलांचं नाव काढून आईचं लावता येतं. त्याचाही तोच. नियम नव्या जन्मांसाठी आहे आणि वडिलांचं नाव त्यातही राहतंच, हे सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"मग मला गॅझेट करायचं. वडिलांचं नाव काढायचं, आईचं लावायचं."

घाई का, तर कंपनी वर्षाअखेर काही जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठवणार होती आणि त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. पासपोर्ट नव्या नावानेच काढायचा, असं त्याने ठरवलं होतं. पहिला पासपोर्ट, पहिलं विमान, आणि त्यावर त्या माणसाचं नाव नको.

त्या दिवशी तो बराच बोलला. शाळेत हजेरी पूर्ण नावाने घ्यायचे, तेव्हा दररोज सकाळी वडील वर्गात येऊन जायचे, असं म्हणाला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव असतं, पण खाली वेगळ्या ओळीत, "भाडेकरूला ठेवतात तसं." नाशिकच्या पांडवलेणीत कॉलेजची सहल गेली होती, तिथे गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव ऐकलं ते डोक्यात बसलेलं. राजाला आईच्या नावाने ओळखलेलं चालतं, मग मला का नाही? रूमवरचे मित्र त्याला, आईचं नाव लावणाऱ्या संजय लीला भन्साळीवरून, 'भन्साळी' म्हणून चिडवायला लागले होते. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

मला तो आवडला. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढची चूक तिथून सुरू होते.

समोर असलेले पर्याय

मी कागदावर पर्याय मांडले. सज्ञान माणसाला राजपत्रात नाव बदलून घ्यायला आईवडिलांची संमती लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. तेव्हा पहिला पर्याय त्याचाच: वडिलांचं नाव काढून आईचं. अडचण नंतरची आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी, जात पडताळणीचं प्रमाणपत्र हे सगळं जुन्या नावाने राहतं आणि प्रत्येक ठिकाणी राजपत्राची प्रत जोडत फिरावं लागतं. पडताळणीचा अख्खा धागाच वडिलांकडून आलेला, त्यामुळे प्रश्न विचारणारा एखादा कारकून कायम भेटत राहणार.

दुसरा, नव्या नियमासारखी दोन्ही नावं लावायची. तो त्याने ऐकूनही घेतला नाही. तिसरा, मधलं नावच काढून टाकायचं, फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव. यावर तो थांबला, मग म्हणाला, आडनाव तरी कोणाचं आहे? आईचं माहेरचं लावायचं म्हटलं तर ते तिच्या वडिलांचं. आम्ही दोघेही हसलो. बायकांच्या नावाचा माग काढत गेलं की दर पायरीवर एक पुरुष उभा असतो, हे मला वकिली शिकताना कुणी सांगितलं नव्हतं.

चौथा पर्याय साधा होता. नाव आहे तसं ठेवायचं आणि पासपोर्टच्या अर्जात पालक म्हणून फक्त आईचं नाव द्यायचं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टला आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. दोन्ही प्रश्न सुटे करायचे: पासपोर्ट आत्ता, नावाचं सावकाश. मी हा पर्याय सांगितला खरा, पण शेवटी आणि घाईत. त्याला पहिला हवा होता आणि मलाही तोच रुचला होता. त्याच दिवशी आम्ही अर्जाचा मसुदा भरून ठेवला. आईच्या आधारची प्रत हवी होती, म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी आईलाही घेऊन ये.

"तिला अजून सांगितलं नाही," तो म्हणाला. "तिला सरप्राइज द्यायचंय."

इथे मी थांबायला हवं होतं.

आई आली त्या दिवशी

जूनचा दुसरा आठवडा, पाऊस लागलेला. आई आली ती ओल्या छत्रीसकट, हातात कापडी पिशवी. मुलाने तिला वाटेत एसटीत सांगितलं होतं. तिचं तोंड बघून मला वाटलं, आनंदाने बोलवत नसेल. सातवी शिकलेल्या बाईला ऑफिसात आलं की अवघडल्यासारखं होतं, अशी माझी आपली समजूत.

तिने पिशवीतून दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेला कागदांचा गठ्ठा काढला. कोर्टाच्या निकालाची नक्कल होती, २००६ची. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खालचा पोटगीचा अर्ज (हेच कलम आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं आहे). अर्जदार क्रमांक एक ती, दोन मुलगा. तिने पान उलटून एका परिच्छेदावर बोट ठेवलं. वाचत नव्हती, जागा पाठ होती.

"हे वाचा ताई. मोठ्यानं."

आणि मी वाचलं. सामनेवाल्याच्या, म्हणजे नवऱ्याच्या, म्हणण्याचा परिच्छेद होता. अर्जदार क्रमांक दोन हा सामनेवाल्यापासून झालेला मुलगा नाही, सबब पोटगी देण्याची जबाबदारी... मी मध्येच थांबले. मुलगा म्हणाला, "पुढं वाचा."

पुढे कोर्टाने ते म्हणणं फेटाळलं होतं. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम ११२ गृहीत धरायचं (आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६). हे खोडायचं तर त्या काळात दोघांचा संबंध येणंच शक्य नव्हतं, हे नवऱ्याने सिद्ध करायचं. त्याला ते जमलं नव्हतं. रक्ततपासणीची मागणीही कोर्टाने नाकारली होती. उठसूट अशी तपासणी करायला लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली गौतम कुंडू प्रकरणात सांगितलं आहे, त्याच वळणाने. शेवटी एक ओळ: अर्जदार क्रमांक दोन हा सामनेवाल्याचा औरस मुलगा आहे. पोटगी मिळाली ती चार महिने. नंतर बंद झाली. थकबाकी वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा असतो, आणि तारखेसाठी दर खेपेला मजुरी बुडवणं तिला परवडलं नाही.

आई मुलाकडे बघून बोलली, माझ्याकडे नाही.

"हे नाव त्यानं दिल्यालं न्हाई तुला. त्यो तर न्हाई म्हणत हुता. तीन वर्सं तारखा केल्या, वकिलानं भर कोर्टात नको ते इचारलं, समदं ऐकून घेतलं. हे नाव मी मिळवलंय. आता तू खोडणार, आन गाव म्हणणार, बघा, त्यो खरंच बोलत हुता."

मुलाने सातकर्णीचं काढलं नाही. मीच खुळ्यासारखं काढलं, शांतता तोडायला म्हणून. आई म्हणाली, "त्ये राजे हुते, ताई."

मग जाताना, छत्री उघडता उघडता, दुसरी गोष्ट बोलली. "माझं नाव लावायचं म्हणतोस, पण माझ्या नावापुढं कुणाचं हाय ते बघितलंस का? आन माझ्यासाठी कायतरी करायचंच असंल तर मला भावाच्या रेशनकार्डातनं भाईर काढ. वीस वर्सं झाली, साखर आली का गॅसचं काय, दर वेळी वहिनीला इचारायचं."

मुलाचे तीन आठवडे

त्यानंतर मुलाने तीन आठवडे फोन उचलला नाही. आईशी बोलायचा, पण जेवलास का आणि पाऊस आहे का, एवढंच. आधी त्याच्या डोक्यात गोष्ट सोपी होती: बाप सोडून गेला, आईने वाढवलं, तेव्हा नाव आईचं. आता कळलं की बापाने त्याला नुसतं सोडलं नव्हतं, नाकारलं होतं. आणि जे नाव तो अंगावरून झटकायला निघाला होता, ते आईच्या दृष्टीने तिच्या अब्रूचा कागद होता. तो नंतर म्हणाला ते असं: "मला वाटत होतं मी तिला काहीतरी देतोय. खरं तर मी माझाच हिशोब चुकता करत होतो आणि पावती तिच्या नावाने फाडत होतो."

जुलैत त्याचा फोन आला. इचलकरंजीला जाणार म्हणाला. काय करायला, ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. मी विचारलं, त्याने पुन्हा नाही म्हटलं तर? तो म्हणाला, एकदा माझ्या तोंडावर म्हणू दे. अडवायचा मला अधिकार नव्हता, पण सोबत चल म्हणून कुणाला तरी सांग, एवढंही मी बोलले नाही.

तो एकटाच गेला. पत्ता चुलत्याने दिला, यावेळीही. मागाचा कारखाना, आवाज इतका की बोलायला बाहेर यावं लागलं. मुलाने आपलं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या नावासकट. समोरच्या माणसाने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "पोटगीचं काय ते वकिलाशी बोला." त्याला वाटलं, मुलगा कोर्टाकडून आलाय किंवा थकबाकी मागायला तरी. अठरा वर्षं तो कुणीतरी येईल म्हणून वाट बघत असावा.

मुलगा हे सांगताना हसत होता. हसणं बरं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. "नाही म्हणाला नाही," तो म्हणाला. "पोटगी म्हणाला. म्हणजे मान्यच केलं की." मी काही बोलले नाही. त्या माणसाने चहा सांगितला होता का, असं आईने नंतर मला विचारलं. मुलाला विचारलं नव्हतं.

काय ठरलं

ऑगस्टमध्ये तिघे पुन्हा बसलो. यावेळी मी आधी दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं.

पासपोर्टचा अर्ज आहे त्याच नावाने भरायचा, हे मुलानेच सुचवलं. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो, असं मी सांगितल्यावर आईने दोनदा खात्री करून घेतली. मला वाटलं, ती नको म्हणेल. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे रिकामा. मधलं नाव ऱ्हाऊ दे, ते माझं हाय. पर बाप कोण म्हणून इचारत्यात तिथं कशाला लिवायचं? त्यानं काय केलंय?" मला यात विसंगती वाटली. तिला वाटली नाही, आणि थोडा विचार केल्यावर मलाही वाटेनाशी झाली.

रेशनकार्डाचं काम मुलाने अंगावर घेतलं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली वयाने मोठी स्त्रीच लागते, तेव्हा अडचण कायद्याची नव्हतीच. अडचण होती भावाच्या कार्डातून नाव कमी करायची, म्हणजे भावाची सही. बहिणीने वेगळं कार्ड मागणं म्हणजे आपण तिला नीट सांभाळलं नाही असा बोभाटा, असं मामाला वाटलं. याच जिल्ह्यात इंदुताई पाटणकरांच्या चळवळीने परित्यक्ता बायकांच्या स्वतंत्र रेशनकार्डाचा प्रश्न १९८०च्या दशकाच्या अखेरीला लावून धरला होता. इतक्या वर्षांनी तहसीलची खिडकी बदलली आहे, स्वयंपाकघरातला अवघडपणा तोच आहे. मुलगा दोन रविवार मामाकडे नुसता जेवून आला. विषय काढला नाही. तिसऱ्या रविवारी मामाने आपणहून सही केली आणि वर म्हणाला, लाइटचं मीटर पण वेगळं घे मग.

कार्ड ऑक्टोबरमध्ये मिळालं. त्यावर तिचं नाव कसं लिहायचं, हा प्रश्न आलाच. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावायची कायद्याने सक्ती नाही, तुम्हाला माहेरचं नाव परत घेता येतं, हे मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. "बँकेत काय करायचं? आन शेडवर समदी मला ह्याच नावानं वळखत्यात." आहे तसंच ठेवलं. माझी निराशा झाली, ती माझ्यापाशी ठेवली.

पासपोर्ट वेळेत आला. जपानचं प्रशिक्षण कंपनीने पुढे ढकललं, त्यामुळे ती सगळी घाई व्यर्थच होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक त्या परिच्छेदाची. न वाचलेला कागद मोठ्याने वाचायचा नाही, तेही ज्याच्याबद्दल आहे तो समोर असताना. आईने सांगितलं होतं हे खरं, पण आधी नजर फिरवून "हे तुम्ही दोघं घरी वाचा" म्हणायला मला दहा सेकंद लागली असती. पुढे आई म्हणाली की तिला ते माझ्याकडूनच वाचून हवं होतं, तिच्या तोंडून ते शब्द निघाले नसते. म्हणजे चूक तिच्या उपयोगाची ठरली असेलही. तरी ती तिने निवडली होती, मुलाने नाही.

पासपोर्ट आणि नाव पहिल्याच दिवशी सुटे करायला हवे होते. मुदत एका प्रश्नाला होती, आम्ही ती दोन्हींना लावली.

आईला आधी विचारायला हवं होतं का? यावर आमच्या केंद्रात अजून एकमत नाही. एक सहकारी म्हणतात, नाव मुलाचं आहे, तो सज्ञान आहे, आईला नकाराधिकार दिला तर उद्या प्रत्येक मुलाला घरच्यांची चिठ्ठी आणायला सांगाल का? मला ते पटतं. पण त्याने स्वतःच म्हटलं होतं की हे आईसाठी आहे. ज्याच्यासाठी आहे त्याला ठाऊक नाही, असं असेल तेव्हा निदान "तिला हवंय हे तुला कशावरून कळलं?" एवढं तरी विचारायचं. मी विचारलं नाही, कारण आईवरच्या प्रेमापुढे प्रश्न विचारणं मला उद्धटपणाचं वाटलं.

आणि इचलकरंजीला त्याच्यासोबत कुणीतरी असायला हवं होतं. कारखान्याच्या दारात नाही, निदान स्टँडवर.

अर्जाचा तो मसुदा अजून आमच्या संगणकात पडून आहे. डिसेंबरमध्ये मुलाला विचारलं, काढून टाकू का. राहू दे म्हणाला, आईला सांगितलंय. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "हां, म्हणाला खरा. मी गेल्यावर कर म्हटलं."

यावर तो काय म्हणाला, ते तिने सांगितलं नाही. नव्या कार्डावर साखर मिळते का, ते विचारत बसली.